स्थलांतरित धावपटू विल्सन किपकेटर

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून आजवर ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे, कुलवृत्तान्त आणि मूळ गावांचा इतिहास असाच मजकूर बहुधा येत आला आहे. त्या पंक्तीत पूर्व आफ्रिकेत जन्मलेल्या आणि डेन्मार्कच्या वतीने धावलेल्या एका धावपटूची कहाणी आलेली पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरातील एकही मुलगा वा मुलगी शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्ताने समुद्रापार गेलेली नाही, अशी घरे आता आपल्यात फार थोडी उरली असतील. ‘त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले’ हे वाक्य मात्र आपल्याकडे अद्यापही काहीसे आवाज उतरवून उच्चारले जाते. जाणारा काय मिळवतो याचा हिशेब आपण वारंवार मांडतो. तो काय किंमत मोजतो याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. विल्सन किपकेटरच्या बाबतीत ती किंमत सेकंदांत मोजून ठेवलेली आहे, आणि म्हणूनच त्याची कारकीर्द आम्हांस येथे सविस्तर द्यावीशी वाटली.

किपकेटरचा जन्म १९७२ साली केनियाच्या पश्चिम भागातील डोंगराळ मुलखात, कालेनजिन जमातीत झाला. या जमातीने जगाला जितके धावपटू दिले तितके तेवढ्याच लोकसंख्येच्या दुसऱ्या कोणत्याही समाजाने क्वचितच दिले असतील. त्यामागील कारणे सांगताना कोणी उंचावरील विरळ हवेचा दाखला देतात, कोणी सडपातळ अंगकाठीचा, कोणी लहानपणापासूनच्या पायपिटीचा. आमच्या मते या सर्वांच्या जोडीला एक चौथे कारण आहे व ते म्हणजे शाळा. इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर, एका खोल दरीच्या अगदी काठावर वसलेले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या उंचीची कल्पना यावी. या इटेनमध्ये सेंट पॅट्रिक्स नावाची मुलांची शाळा आहे. तेथे १९७६ साली आयर्लंडहून ब्रदर कॉम ओकॉनेल नावाचे एक धर्मबंधू भूगोल शिकविण्यासाठी आले. धावण्याच्या शिक्षणाचा त्यांना काहीही पूर्वानुभव नव्हता. मुलांना धावताना पाहत पाहतच ते शिकले, आणि पुढे तेच जगातील नामांकित मार्गदर्शकांपैकी एक ठरले. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा पीटर रोनो हा याच शाळेचा. किपकेटरही याच शाळेत घडला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे कांस्यपदक मिळविणाऱ्या माइक बॉइट यांनी या मुलाची चाल हेरून त्याला तेथे धाडण्याची शिफारस केली, असे सांगतात.

१९९० साली किपकेटर विद्यार्थी म्हणून डेन्मार्कला गेला. विषय होता इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी. ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणे नोंदवीत आहोत. कारण पुढे ज्यांनी त्याला ‘विकत घेतलेला धावपटू’ म्हणून हिणवले त्यांना तिचा विसर पडला होता. तो गेला तेव्हा जागतिक क्रीडाक्षेत्रात त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. आपली मुले पदवीसाठी जशी जातात, तसाच तोही गेला.

ज्या देशात तो गेला तो डेन्मार्क म्हणजे इटेनचे अगदी दुसरे टोक. तेथील सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी जेमतेम १७१ मीटर भरते! लांब अंधारे हिवाळे, सपाट भूमी, त्या काळी सुमारे बावन्न लाखांची वस्ती. मध्यम पल्ल्याच्या शर्यतींशी त्या देशाचा संबंधच नव्हता असे मात्र नव्हे. आपल्या खाशाबा जाधवांनी ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ साली कुस्तीचे कांस्यपदक पटकाविले, त्याच ऑलिंपिकमध्ये गुन्नर नीलसन हा डॅनिश धावपटू ८०० मीटर शर्यतीत चौथा आला होता. पण त्यानंतर चार दशके या अंतरात डेन्मार्कच्या नावाचा विशेष गाजावाजा झाला नाही. तेथे किपकेटरला मार्गदर्शक लाभले ते स्लावोमीर नोवाक, आणि तेही मूळचे पोलंडचे. केनियात जन्मलेला मुलगा, आयरिश गुरुजी, पोलिश प्रशिक्षक, आणि छातीवर डेन्मार्कचे नाव असा तो सारा योग होता.

या शर्यतीचे स्वरूप ज्या वाचकांस परिचित नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. आठशे मीटर म्हणजे धावमार्गाच्या दोन फेऱ्या. शंभर मीटरवाला सर्व शक्ती एकदाच पणास लावतो, दहा हजार मीटरवाला ती पुरवून पुरवून वापरतो. आठशे मीटरच्या धावपटूस मात्र या दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात. पहिले वळण प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यात पार करायचे आणि मग सर्वांनी आतल्या कडेकडे झेपावायचे. तेथे कोपर लागते, पाय अडकतो, पुढचा वाट देत नाही. दुसऱ्या फेरीच्या अखेरच्या शंभर मीटरांत पाय शिशासारखे जड होतात. आपल्या श्रीराम सिंग यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून पार केली, पण शेवटी ते सातवे आले. त्यांच्या त्या वेगाचा लाभ घेऊन क्यूबाच्या हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. श्रीराम सिंग यांचा त्या दिवशीचा १ मिनिट ४५.७७ सेकंदांचा भारतीय उच्चांक मात्र २०१८ पर्यंत कोणास मोडता आला नाही. पुढे इंग्लंडच्या सेबॅस्टियन को याने १९८१ च्या जून महिन्यात फ्लॉरेन्स येथे हेच अंतर १ मिनिट ४१.७३ सेकंदांत कापले आणि तो उच्चांक सोळा वर्षे अभेद्य राहिला.

१९९५ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. त्यांत किपकेटर डेन्मार्कच्या वतीने उतरला आणि त्याने सुवर्णपदक जिंकले. बुरुंडीचा हातुंगिमाना दुसरा आला व नॉर्वेचा व्हेबयॉर्न रोडल तिसरा. या रोडलचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. किपकेटर तेव्हा डेन्मार्कचा रहिवासी होता, परंतु नागरिक झालेला नव्हता. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघाच्या त्या वेळच्या व्यवस्थेत हे चालून गेले. ऑलिंपिकची सनद मात्र निराळी आहे. खेळाडू ज्या देशातर्फे उतरतो त्या देशाचा तो नागरिक असलाच पाहिजे, असे ती सांगते. आणि डेन्मार्कच्या त्या काळच्या कायद्याप्रमाणे सामान्य अर्जदारास नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य आवश्यक होते. किपकेटर आला १९९० साली, ऑलिंपिक आले १९९६ साली. वाचकांनी वजाबाकी करून पाहावी. एक वर्ष कमी पडले.

खेळाडूच्या आयुष्यात एका वर्षाचे मोल काय असते, हे शाळेत शिकविणाऱ्या वा कचेरीत काम करणाऱ्या आपणांस चटकन उमगणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज एक वर्ष लांबला तर आपले फारसे बिघडत नाही. परंतु ऑलिंपिक चार वर्षांनी येते आणि आठशे मीटरच्या धावपटूचे उत्तम वय तीन-चार वर्षांपलीकडे टिकत नाही. कायदा वास्तव्याची वर्षे मोजीत होता, शरीर आपली वर्षे मोजीत होते, आणि १९९६ साली हे दोन हिशेब एकमेकांशी जुळले नाहीत. केनियाच्या बाजूने उभे राहण्याचा मार्ग किपकेटरने धरला नाही. ज्या देशात घर करायचे ठरविले त्याच देशाच्या नावाने धावायचे, हा निर्धार त्याने पाळला आणि अटलांटाची शर्यत त्याच्याविना झाली.

ती शर्यत ३१ जुलै १९९६ रोजी रोडलने १ मिनिट ४२.५८ सेकंदांत, नव्या ऑलिंपिक उच्चांकासह जिंकली. गोटेनबर्गला किपकेटरच्या मागे तिसरा आलेला हाच तो रोडल. दक्षिण आफ्रिकेचा सेपेंग दुसरा आला, केनियाचा ओन्यांचा तिसरा. त्यानंतर महिनाभरातच, १ सप्टेंबर रोजी, इटलीतील रिएती या छोट्या शहरात किपकेटरने हेच अंतर १ मिनिट ४१.८३ सेकंदांत कापले. को याच्या उच्चांकापासून तो अवघा एक दशांश सेकंद दूर होता आणि अटलांटाच्या विजयी वेळेपेक्षा पाऊण सेकंदाने पुढे. अर्थात ही तुलना कागदावरची आहे, याची आम्हांस जाणीव आहे. रिएतीसारख्या शर्यतीत वेग राखण्यासाठी पुढे धावणारा एक मदतनीस नेमलेला असतो. ऑलिंपिकमध्ये तसे नसते, शिवाय तेथे पाठोपाठच्या फेऱ्यांचा थकवा असतो. तेव्हा ‘किपकेटर असता तर जिंकलाच असता’ असे छातीठोकपणे म्हणणे रोडलवर अन्याय करणारे होईल. त्याने आपले पदक स्वतःच्या पायांनी मिळविले. परंतु त्या वर्षी त्या अंतराचा जगातील सर्वांत वेगवान माणूस अटलांटाच्या धावमार्गावर नव्हता, एवढे इतिहासाने नोंदविलेच पाहिजे.

१९९७ हे वर्ष त्याचेच झाले. मार्च महिन्यात पॅरिस येथे आच्छादित क्रीडागृहातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत्या. तेथील धावमार्ग दोनशे मीटरांचा, वळणे अरुंद व उतरती; आठशे मीटरसाठी चार फेऱ्या घालाव्या लागतात. किपकेटरने पहिल्याच प्राथमिक फेरीत १ मिनिट ४३.९६ सेकंदांचा जागतिक उच्चांक नोंदविला. प्राथमिक फेरीत कोणी उच्चांक मोडीत नाही. पुढे जाण्यापुरते धावून शक्ती राखणे हाच तेथील शहाणपणा समजला जातो. दोन दिवसांनी अंतिम शर्यतीत त्याने तो उच्चांकही मोडून १ मिनिट ४२.६७ सेकंद अशी वेळ दिली. अटलांटाचे शल्य असे बाहेर पडले, असे कोणास वाटल्यास आम्ही त्याशी वाद घालणार नाही.

त्या उन्हाळ्यात, ७ जुलै रोजी स्टॉकहोम येथे, त्याने को याच्या १ मिनिट ४१.७३ सेकंदांशी शतांशापर्यंत बरोबरी केली. सोळा वर्षे उभ्या असलेल्या भिंतीला त्याने हात लावला, पण ती ओलांडली नाही. ती ओलांडली १३ ऑगस्टला झ्युरिच येथे, १ मिनिट ४१.२४ सेकंदांत. त्या संध्याकाळची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याच मैदानावर, त्याच दिवशी, तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा जागतिक उच्चांकही मोडला गेला, आणि तो मोडणाऱ्याचे नावही विल्सन किपकेटरच! पूर्ण नाव विल्सन बॉइट किपकेटर, तो केनियाचा. (बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांच्यामुळे स्टीपलचेस ही शर्यत आता आपल्याकडे घरोघर ठाऊक झाली आहे.) दोघेही कालेनजिन, दोघेही त्या वर्षीचे जागतिक अजिंक्यवीर, एक केनियाचे नाव छातीवर घेऊन धावला आणि दुसरा डेन्मार्कचे. एकाच नावाची दोन माणसे दोन देशांच्या यादीत अशी शेजारी शेजारी नोंदली गेली. मायदेशी राहिलेला आणि परदेशी गेलेला यांच्यातील भेद दाखवायला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. आणि त्या भेदाचे आपण केवढे अवडंबर माजवितो हे दाखवायलाही!

अकरा दिवसांनी, २४ ऑगस्टला, जर्मनीतील कोलोन येथे आपल्या किपकेटरने आपलाच उच्चांक मोडला. वेळ होती १ मिनिट ४१.११ सेकंद. को याच्या वेळेशी तुलना करता हा फरक ०.६२ सेकंदांचा, म्हणजे त्या वेगाने धावताना जवळजवळ पाच मीटरांचा होतो. त्याला धावताना ज्यांनी पाहिले त्यांस त्याची चाल विसरता येत नाही. खांदे सैल, मान ताठ, चेहऱ्यावर ताणाचा मागमूस नाही. इतर धावपटू झगडत असताना हा मात्र आपल्याच तालात पुढे पुढे सरकत असे. त्याच महिन्यात अथेन्स येथे त्याने आपले जागतिक अजिंक्यपद राखले.

१९९८ साली दैव फिरले. केनियाच्या भेटीत त्याला हिवतापाने गाठले आणि त्या वर्षीचा बहुतेक हंगाम वाया गेला. ज्या मातीने त्याला पाय दिले त्या मातीतूनच हा आजार यावा, हा योगायोगच म्हणायचा. हिवताप धावपटूला दोन प्रकारे खातो: ताप शक्ती नेतो, आणि रक्तातील तांबड्या पेशींचा नाश झाल्याने प्राणवायू वाहून नेण्याचे बळही घटते. तथापि १९९९ साली सेव्हिल येथे त्याने सेपेंगला अवघ्या दोन शतांश सेकंदांनी मागे टाकून लागोपाठ तिसरे जागतिक अजिंक्यपद पटकाविले.

दरम्यान तो डेन्मार्कचा नागरिक झाला होता, आणि म्हणून २००० च्या सिडनी ऑलिंपिकचा दरवाजा त्याला उघडा होता. पण तेथे शर्यत मंद गतीने सुरू झाली. मंद शर्यतीत वेगवान माणसाचा लाभ नाहीसा होतो. सगळेच ताजेतवाने राहतात आणि अखेरच्या वळणावर जो मोक्याच्या जागी असेल त्याचे फावते. जर्मनीचा निल्स शुमान मोक्याच्या जागी होता. त्याची वेळ १ मिनिट ४५.०८ सेकंद, किपकेटरची १ मिनिट ४५.१४. सहा शतांश सेकंदांनी सुवर्णपदक हुकले, आणि तेही किपकेटरच्या उच्चांकापेक्षा जवळजवळ चार सेकंद संथ अशा शर्यतीत.

२००२ साली म्युनिक येथे तो युरोपीय अजिंक्यवीर झाला. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाकडे झुकत असताना, तो पुन्हा अंतिम शर्यतीत उभा होता. शेवटच्या सरळ टप्प्यात त्याने आघाडी घेतली. क्षणभर वाटले की आठ वर्षांचे येणे आज वसूल होणार. परंतु रशियाचा बोर्झाकोव्स्की नेहमीप्रमाणे मागून आला आणि सर्वांना ओलांडून गेला. दक्षिण आफ्रिकेचा मुलौद्झीही पुढे सरकला. किपकेटरला कांस्यपदक मिळाले. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांत वीस शतांश सेकंदांचे अंतर होते. २००५ साली त्याने निवृत्ती जाहीर केली. तीन जागतिक अजिंक्यपदे व तीन वेळा सुधारलेला मैदानी उच्चांक (त्यांतील पहिला बरोबरीचा) त्याच्या नावावर आहेत. ऑलिंपिकचे सुवर्णपदक नाही.

आता ‘विकत घेतलेला धावपटू’ या आरोपाविषयी. २००३ साली केनियाचा स्टीफन चेरोनो हा स्टीपलचेसचा नामांकित धावपटू कतारचा नागरिक झाला, त्याने सैफ सईद शाहीन असे नाव घेतले आणि त्याच वर्षी पॅरिस येथे कतारसाठी जागतिक अजिंक्यपद जिंकले. पुढे अशी उदाहरणे वाढत गेली. इतकी की, जागतिक संघाने २०१७ साली देश बदलण्याची मुभाच गोठविली आणि २०१८ साली तीन वर्षांच्या प्रतीक्षेसह नवे नियम केले. चेरोनोला आम्ही दोष देत नाही. गरीब घरच्या मुलाने आपल्या पायांचे मोल घेतले तर त्यात पाप ते कोणते? पण किपकेटरला त्याच मापाने मोजणे चुकीचे आहे. चेरोनोला नागरिकत्व काही महिन्यांत मिळाले. किपकेटर जगज्जेता असूनही रांगेत उभा राहिला, आणि त्या रांगेत उभे असतानाच त्याचे ऑलिंपिक निघून गेले. डेन्मार्कने नियम वाकविला नाही. डेन्मार्कचे हे वागणे ताठर होते असे म्हणता येईल; आम्हांस मात्र त्यात एक प्रकारचा सन्मान दिसतो. त्या देशाने त्याला इतर स्थलांतरितांसारखेच वागविले, आणि त्यानेही तेच मान्य केले.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. त्या काळी डेन्मार्क आणि केनिया या दोन्ही देशांचे कायदे सर्वसाधारणपणे दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसत. एक घ्यायचे तर दुसरे सोडावे लागे. केनियाने २०१० च्या नव्या संविधानाने ते मान्य केले, डेन्मार्कने २०१५ च्या सप्टेंबरपासून. दोन्ही दारे उघडली तेव्हा किपकेटरचे धावण्याचे दिवस संपून गेले होते. आपल्या भारतातही संविधानाचे नववे कलम हेच सांगते की, जो स्वेच्छेने परदेशाचा नागरिक झाला तो भारताचा नागरिक उरत नाही. २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाने एक नोंदणीपत्र मिळते खरे. पण त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही, आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. ज्या घरांतून हा निर्णय झाला आहे त्या घरांना त्या कागदावर सही करतानाची रात्र आठवत असेल. असो.

किपकेटरचा मैदानी उच्चांक तेरा वर्षे टिकला. २२ ऑगस्ट २०१० रोजी बर्लिन येथे केनियाच्या डेव्हिड रुडिशाने १ मिनिट ४१.०९ सेकंद अशी वेळ देऊन तो दोन शतांशांनी मोडला. रुडिशाचे मार्गदर्शक होते तेच इटेनचे ब्रदर कॉम ओकॉनेल. आठवड्याभरातच रुडिशाने तो आणखी खाली, १ मिनिट ४१.०१ सेकंदांवर आणला. तेही रिएती येथे, जेथे चौदा वर्षांपूर्वी अटलांटाला जाऊ न शकलेला किपकेटर धावला होता. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये रुडिशाने १ मिनिट ४०.९१ सेकंदांत, केनियाच्या नावाने, सुवर्णपदक जिंकले.